सेल्टिक वॉरियर्स : एका सीझनमधे बंद पडलेला रग्बी क्लब, नक्की काय झालं होतं?

धुक्यातली_गाडी

नमस्कार मंडळी,
मी सप्टेंबरपासून वेल्समधे ट्रिफॉरेस्टला शिकतेय, राहायला पाँटप्रिदला. (इथले लोक नुसतं पाँटी म्हणतात. शेवटचा डबल डी म्हणजे दातात जीभ अडकवून म्हणायचा द, मला अजून जमत नाहीये.) रग्बीतलं मला शून्य कळतं हे आधीच सांगते. घरी क्रिकेट आणि आजीसाठी कबड्डी, एवढंच बघितलंय.

तर झालं असं, माझा मफलर बसमधे राहिला आणि थंडी मरणाची, म्हणून एका चॅरिटी शॉपमधे शिरले. तिथे दोन पौंडाला हाताने विणलेला एक मफलर मिळाला. अर्धा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि अर्धा निळ्या-पांढऱ्या, बहुतेक कोणीतरी दोन वेगळे मफलर अर्धे अर्धे कापून जोडलेत कारण दोन्हीकडची लोकर वेगळ्या जाडीची आहे आणि मधली शिवण मानेला टोचते. एका टोकाला लाल दोऱ्याने वेड्यावाकड्या अक्षरात २००३ भरलंय.

सोमवारी तो घालून कार्डिफच्या गाडीत बसले तर समोरचे आजोबा बघतच राहिले. म्हणाले, ‘अगं बट (इकडे दोस्ताला बट म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते), हा एक वर्षाचा मफलर तुला कुठे मिळाला?’ मी म्हणलं नाही हो, एक वर्षाचा नाही, चांगला जुना दिसतोय. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. म्हणे मफलर नाही, टीम एक वर्षाची. सेल्टिक वॉरियर्स. पुढे काही विचारणार तेवढ्यात टॅफ्स वेल आलं आणि ते उतरून गेले.

नेटवर शोधलं तर २००३ ला सुरू आणि २००४ ला बंद एवढं कळलं. टीम चांगली खेळत होती असंही दिसतंय, मग बंद का केली? आणि दोन गावं मिळून एक क्लब हा काय प्रकार आहे? इथे वेल्समधे बरीच वर्षं असलेलं कोणी आहे का, नीट सांगेल असं? परीक्षा तोंडावर आहे त्यामुळे अर्थातच मला आत्ता हेच जाणून घ्यायचंय.

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

पोरी, तो मफलर धुवू नकोस, लोकर आटेल. आणि परत कुठल्या चॅरिटी शॉपला देऊन टाकू नकोस.

मी ९८ पासून ब्रिजेंडला. म्हणजे तुझ्या मफलरचा निळा भाग आमचा आणि काळा तुमचा. त्या वर्षी मी बऱ्याच मॅचेसना गेलो होतो त्यामुळे आठवतंय ते लिहितो, मोठं होईल, चहा घेऊन बस.

आधी मागचं थोडं. रग्बी युनियन १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी खेळ होता. वेल्सचे मोठमोठे खेळाडू आठवडाभर खाणीत, स्टील प्लांटमधे, शाळेत काम करून शनिवारी खेळायचे. ९५ ला खेळ व्यावसायिक झाला आणि इंग्लंड-फ्रान्सच्या क्लबांकडे पैसा आला. वेल्समधे मात्र लोकसंख्या २९ लाखाच्या आसपास आणि वरच्या लीगमधे नऊ क्लब, सगळे पगार देतायत, आणि सगळ्यांच्या खिशाला भोकं. वर युनियनच्या (म्हणजे वेल्सचं रग्बी चालवणारी संस्था, वेल्श रग्बी युनियन) डोक्यावर मिलेनियम स्टेडियमचं कर्ज. आणि २००३ ला नॅशनल टीम सिक्स नेशन्समधे (सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा) पाचच्या पाच मॅच हरली, अगदी रोममधे इटलीकडून सुद्धा, ३०-२२. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात कोणाच्या घरी मयत झाल्यासारखी शांतता होती, खरं सांगतो. पेशंट सुद्धा भूल द्यायच्या आधी इटलीचाच विषय काढत होते.

तेव्हा युनियनचा मुख्य अधिकारी होता डेव्हिड मॉफेट. त्याने सांगितलं नऊ क्लब परवडत नाहीत, विभाग करायचे. त्याच्या मनात चार होते पण भांडून-तंडून, कोर्टाच्या धमक्या वगैरे होऊन पाच ठरले. कार्डिफ आणि लानेली एकेकटे राहिले. नीथ आणि स्वान्सी एकत्र झाले ते ऑस्प्रेज, न्यूपोर्ट आणि एब वेल मिळून ड्रॅगन्स, आणि पाँटप्रिद अधिक ब्रिजेंड म्हणजे सेल्टिक वॉरियर्स.

आता नाव बघ. बाकी चौघांच्या नावात कुठेतरी जागा होती, कार्डिफ ब्लूज, लानेली स्कार्लेट्स, नीथ-स्वान्सी ऑस्प्रेज, ग्वेंट ड्रॅगन्स. आमच्या नावात ना पाँटी ना ब्रिजेंड ना इथल्या खाणींच्या दऱ्यांचा उल्लेख. सेल्टिक काय, आयर्लंडवाले पण सेल्टिक आणि स्कॉटलंडवाले पण. कोणाचंच नाव घातलं नाही म्हणजे कोणी रागावणार नाही असा विचार असावा, झालं असं की दोघंही रागावले.

आणि दोन्ही क्लब काही लेचेपेचे नव्हते. पाँटी १८७६ चा, ब्रिजेंड १८७८ चा. ज्या वर्षी हे जोडले त्याच वर्षी म्हणजे २००२-०३ ला ब्रिजेंड वेल्सची लीग जिंकलं होतं. पाँटी त्याच्या आदल्या वर्षी वेल्सचा कप जिंकलेलं आणि युरोपच्या दुय्यम स्पर्धेच्या फायनलला इंग्लंडच्या सेल क्लबकडून तीन पॉइंटनी हरलेलं. पाँटीच्या सार्डिस रोड मैदानाला लोक हाऊस ऑफ पेन म्हणायचे. पाहुण्या टीमला तिथे येऊन खेळणं म्हणजे शिक्षाच. ९७ साली तर हे फ्रान्समधे ब्रिव्हला मॅच खेळायला गेले आणि मॅचनंतर गावातल्या बारमधे दोन्ही टीमची अशी मारामारी झाली की अजून नाव काढतात. अशा लोकांना तू सांगणार की उद्यापासून ब्रिजेंडवाले तुमचे भाऊ.

अंतर फार नाही, रस्त्याने तीसेक किलोमीटर. पण मधे डोंगर आणि रेल्वे सरळ नाही. पाँटीहून ब्रिजेंडला यायचं तर आधी खाली कार्डिफला उतरा, गाडी बदला, मग परत पश्चिमेला या. मॅच संपून रात्री परत तसंच उलटं. तू त्याच लाइनवर आहेस, तुला सांगायला नको.

सुरुवातीला घरच्या मॅच वाटून घेतल्या होत्या, काही सार्डिस रोडला आणि काही आमच्या ब्रुअरी फील्डला. आमच्या ऑपरेशन थिएटरमधला एक टेक्निशियन पक्का पाँटीचा. मी त्याला म्हणलं चल माझ्याबरोबर. आला. काळी-पांढरी टोपी घालून आला आणि ऐंशी मिनिटं हाताची घडी घालून उभा राहिला. पाँटीच्या जुन्या खेळाडूने चेंडू घेतला की घडी सुटायची, टाळी वाजवायचा, परत घडी. ब्रिजेंडच्या पोराने ट्राय मारला (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला) तर माझ्याकडे बघून म्हणाला ‘तुमचा बरा पळतो’. तुमचा! अरे एकच टीम आहे ती.

जेवायला बोलावतायत, बाकीचं नंतर लिहितो.

---

खासबाग_मिसळ

काका जबरदस्त लिवलंय. आमच्या कोल्हापुरात समजा कोणी पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम या फुटबॉल टीम एकत्र करून ‘सह्याद्री वॉरियर्स’ काढली, आणि फुटबॉल शाहू स्टेडियमला नको, कराडला खेळवूया म्हणला, तर तो मनुष्य परत बिंदू चौकात दिसायचा नाही. त्या मॉफेट साहेबाला पाँटीत चहा तरी पाजला का कोणी?

---

धुक्यातली_गाडी

बाप रे काका, धन्स!! घडी घातलेला टेक्निशियन डोळ्यासमोर आला. तो माणूस अजून आहे का? आणि पुढे लिहा ना, चांगली टीम होती म्हणताय तर हरून बंद पडली की कशी?

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

आहे, मजेत आहे, निवृत्त झालाय, अजून टोपी तीच.

हरून नाही गं बंद पडली, तीच तर गंमत. त्या टीममधे कोण कोण होतं बघ. नील जेंकिन्स, जगात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय रग्बीत हजार पॉइंट करणारा, पाँटीजवळच्या चर्च व्हिलेजचा पोरगा. करिअरचं शेवटचं वर्ष तो वॉरियर्सकडे होता आणि त्याच सीझनला त्याने लागोपाठ ४४ किक मारल्या, एकही चुकली नाही, विश्वविक्रम. मी त्यातल्या काही बघितल्यात. तो मारायच्या आधी हात असे झटकायचा, बोटं चाळवायचा, आणि ब्रुअरी फील्डच्या मागच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं इतकी शांतता. ती शांतता काही अंशी गर्दी नसल्यामुळे पण होती, ते सोडा.

मग गॅरेथ थॉमस, अल्फी, आमच्या ब्रिजेंडच्या बाजूच्या सार्नचा, आधी पोस्टमन होता. गेथिन जेंकिन्स, प्रॉप. मेफिन डेव्हिस, हूकर. रॉब सिडोली आणि ब्रेंट कॉकबेन, दोन्ही लॉक. (प्रॉप, हूकर, लॉक या सगळ्या पुढच्या फळीतल्या जागा.) केव्हिन मॉर्गन, रायन जोन्स, डाफिड जेम्स, सॉनी पार्कर, केरी स्वीनी. कोच लिन हॉवेल्स, पाँटीचा जुना कोच. ही टीम सेल्टिक लीगमधे चौथी आली. त्या लीगमधे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या टीमही होत्या, आणि बरेच खेळाडू सुरुवातीचे काही आठवडे वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियात होते हे धरून. युरोपच्या मोठ्या स्पर्धेत तर लंडन वास्प्सला त्यांच्या घरच्या मैदानात जाऊन हरवलं. वास्प्स पुढे त्याच वर्षी युरोपचे चॅम्पियन झाले, फायनलला तुलूझला हरवून. म्हणजे युरोपच्या विजेत्याला घरात जाऊन हरवणारी टीम, आणि चार-पाच महिन्यांनी ती टीमच नाही.

झालं काय तर पैसा. पाँटी क्लब सीझनच्या मधेच आर्थिक गाळात गेला. वॉरियर्समधला त्यांचा अर्धा हिस्सा विकावा लागला, तो घेतला ब्रिजेंडचा मालक लेटन सॅम्युएल याने, आणि त्याने तो युनियनला देऊन टाकला. म्हणजे आता अर्धी टीम सॅम्युएलची, अर्धी युनियनची, पाँटीचा संबंध कागदावरून संपला. मग मॅचेसही सगळ्या ब्रुअरी फील्डला यायला लागल्या. पाँटीच्या लोकांनी येणं सोडून दिलं, आणि आमच्याकडचे किती येणार, ब्रिजेंड केवढंसं गाव. सॅम्युएललाही पैसा ओतून कंटाळा आला, त्याने आपला हिस्सा पण युनियनला विकला, सव्वा मिलियन पौंडाच्या आसपास. आणि पूर्ण टीम हातात आल्यावर युनियनने जून २००४ च्या सुरुवातीला ती बंद केली. मॉफेटच्या मनात पहिल्यापासून चार होते म्हणलं ना. चार झाले.

त्या दिवशी टेक्निशियन कामावर आला आणि पहिल्यांदा ‘आपली’ म्हणाला. ‘आपली टीम गेली डॉक’. मी त्याला काही बोललो नाही.

---

हिशेबनीस

काकांचं लिखाण छान आहे पण थोडी दुसरी बाजू. मी कार्डिफमधे अकाउंट्समधेच आहे, आणि माझं म्हणणं असं की बंद करणं हा एकच मार्ग होता, चुकलं ते सुरू करण्यात. २९ लाख लोकांच्या देशात पाच व्यावसायिक टीम म्हणजे टीममागे सहा लाख लोक सुद्धा नाहीत, त्यातल्या निम्म्यांना फुटबॉल आवडतो, आणि तिकीट स्वस्त ठेवावं लागतं कारण दऱ्यांमधे खाणी बंद झाल्यापासून लोकांकडे पैसा कुठे आहे. ऱ्होंडा दरीतली शेवटची खाण, मायर्डीची, १९९० ला बंद झाली. ज्या मजुराच्या आठवड्याच्या पगारावर हे क्लब शंभर वर्षं चालले तो पगारच संपला. मग उरला एखादा श्रीमंत मालक. श्रीमंत मालकाच्या मूडवर चालणारी संस्था एक वर्ष टिकली हेच जास्त झालं. भावना वगैरे ठीक आहे, पण भावनेने पगार होत नाहीत, होत असते तर आमच्या गावची नाट्यमंडळी आज कोट्याधीश असती.

आणि निकाल बघा. जून २००४ ला टीम बंद, मार्च २००५ ला वेल्स ग्रँड स्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्सच्या पाचही मॅच जिंकल्या. १९७८ नंतर पहिल्यांदा, सत्तावीस वर्षांनी. चांगले खेळाडू चार टीममधे एकवटले की काय होतं ते दिसलं. मॉफेट बरोबर होता असं मला तरी वाटतं, कितीही शिव्या द्या.

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

हिशेबनीस साहेब, सुरू करण्यात चुकलं हे मान्य. पुढचं नाही. ग्रँड स्लॅमचं उदाहरण दिलंत हे बरं केलंत, कारण तेच माझं आवडतं उदाहरण आहे.

१९ मार्च २००५, कार्डिफ, आयर्लंडविरुद्धची शेवटची मॅच. मी त्या दिवशी ऑन कॉल होतो. स्टाफरूममधल्या छोट्या टीव्हीवर चार नर्स, दोन पोर्टर, मी आणि तो टेक्निशियन. पहिला ट्राय कसा झाला आठवतो का? आयर्लंडचा रोनन ओगारा चेंडू किक मारून बाहेर काढायला गेला, आणि गेथिन जेंकिन्स, एकशे दहा-पंधरा किलोचा प्रॉप, धावत जाऊन ती किक हाताने अडवतो, मग पायाने चेंडू पुढे ढकलतो, आणि स्वतःच जाऊन त्यावर पडतो. प्रॉप लोकांनी असलं करायचं नसतं, त्यांनी स्क्रममधे (दोन्ही टीमच्या ढकलाढकलीत) डोकं घालून ढकलायचं असतं. टेक्निशियन म्हणाला ‘एक’. मला कळेना एक काय. दुसऱ्या हाफमधे केव्हिन मॉर्गनने ट्राय मारला. तो म्हणाला ‘दोन’. त्या दिवशी वेल्सचे ट्राय दोनच झाले. ३२-२० ने जिंकले आणि ते दोन्ही ट्राय वॉरियर्सच्या पोरांचे.

मग त्याने बोटं मोजून दाखवली. सुरुवातीच्या पंधरा जणांत गेथिन जेंकिन्स, मेफिन डेव्हिस, कॉकबेन, सिडोली, रायन जोन्स, मॉर्गन. सहा. आणि त्या सीझनचा कॅप्टन गॅरेथ थॉमस पॅरिसला अंगठा मोडून बाहेर बसलेला, तो पण आमचाच. म्हणजे तुम्ही म्हणता चार टीममधे चांगले खेळाडू एकवटले म्हणून जिंकलो. मी म्हणतो पाचवी टीम बंद केली आणि तिच्याच खेळाडूंनी जिंकवलं. ते कुठे ‘एकवटले’ हो, चार दिशांना गेले. गेथिन आणि सिडोली कार्डिफला, कॉकबेन आणि रायन जोन्स ऑस्प्रेजला, मॉर्गन आणि स्वीनी ड्रॅगन्सला, डाफिड जेम्स इंग्लंडला हार्लेक्विन्सकडे. थॉमस तुलूझला गेला.

आणि मेफिन डेव्हिस. देशाचा हूकर, आणि उरलेल्या चार टीमपैकी कोणाकडे त्याला जागा नाही. तो नीथकडे गेला, निमव्यावसायिक पातळीवर, नंतर इंग्लंडमधे ग्लॉस्टरने घेतला. २००४-०५ च्या सीझनची सुरुवात बेकारीने आणि शेवट ग्रँड स्लॅमने. अकाउंटच्या वहीत हे कुठल्या रकान्यात जातं सांगा.

---

हिशेबनीस

दंडवत काका, सहा जणांचं माहीत नव्हतं, घेतो मागे थोडं.

पूर्ण नाही घेत. कारण ते सहा जण तयार केले ते वॉरियर्सने नाही, पाँटी आणि ब्रिजेंड या जुन्या क्लबांनी. वॉरियर्सने फक्त एक वर्ष त्यांना जर्सी दिली.

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललात. माझं दुखणंच ते आहे. बंद केली एका वर्षाची टीम, पण तोडली ती सव्वाशे वर्षांची शिडी. त्यानंतर पाँटीच्या बाजूचा इलाखा कार्डिफ ब्लूजच्या नावाने लिहिला गेला आणि आमचा ऑस्प्रेजच्या. नकाशावर रेघ मारून. आता पाँटीच्या माणसाने कार्डिफसाठी ओरडायचं म्हणजे... खासबाग, तुम्हीच सांगा त्याला उदाहरण.

---

खासबाग_मिसळ

मी नाही सांगणार काका, मला गावात राहायचंय.

---

जिमखाना_गल्ली

मस्त धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. थोडं अवांतर.

असं अल्पायुषी होणारी ही एकटी टीम नाही. स्कॉटलंडमधे बॉर्डर रीव्हर्स होती, रग्बीचं माहेरघर म्हणावं अशा भागातली, २००२ ला परत उभी केली आणि २००७ ला बंद. इटलीत आयरोनी २०१० ते २०१२. सगळीकडे तेच, वरून विभाग आखायचे, नाव एखाद्या पक्ष्याचं नाहीतर लुटारूंचं ठेवायचं, आणि लोक येत नाहीत म्हणून तोंड पाडून बसायचं. (आयरोनी म्हणजे इटालियनमधे बगळे, रीव्हर्स म्हणजे लुटारू.)

पण अल्पायुषी रग्बी क्लबांत माझा लाडका आपल्याकडचा. कलकत्ता फुटबॉल क्लब. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्लंड विरुद्ध बाकीचे असा रग्बीचा सामना झाला, लोकांना मजा आली म्हणून ७३ च्या जानेवारीत क्लब काढला. सुरुवातीला सभासद धडाधड झाले, कारण बार फुकट होता. फुकट बंद झाल्यावर सभासद पण बंद, खेळणारी पलटण दुसरीकडे बदलून गेली, उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले कारण त्या उकाड्यात ते बरं. १८७८ ला क्लब गुंडाळला. पण गुंडाळताना काय केलं बघा, बँकेत चांदीचे २७० रुपये होते ते काढून वितळवले आणि त्याचा कप बनवून लंडनला पाठवला. झाकणावर हत्ती, आणि धरायला तीन नाग. तोच कलकत्ता कप, १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड त्यासाठी खेळतायत. पाच वर्षं टिकलेल्या क्लबाचं नाव दीडशे वर्षं घेतायत लोक.

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर अजून रग्बी चालतं, पावसाळ्यात फॅशन स्ट्रीटला खरेदी करताना जाळीतून चिखलात लोळणारी माणसं दिसतात ती हीच. माझं रग्बीज्ञान त्या जाळीपलीकडून आलंय.

---

हिशेबनीस

कलकत्तावाल्यांकडे वितळवायला रुपये तरी होते. वॉरियर्सकडे नुसतं देणं. देण्याचा कप कसा बनवणार.

मूळ प्रश्नाला धरून एक राहिलंच. आता बातम्यांत जे चाललंय ते बघितलंत ना? २००३ ला ज्या कार्डिफला एकटं राहायची मुभा मिळाली, तुम्ही मोठे म्हणून, तोच क्लब एप्रिल २०२५ ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि युनियनला ताब्यात घ्यावा लागला. आणि ऑक्टोबरमधे युनियनने ठरवलं की चारच्या तीन टीम करायच्या, एक कार्डिफला, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पश्चिमेला आज दोन आहेत, ऑस्प्रेज आणि स्कार्लेट्स. म्हणजे परत तेच, स्वान्सीच्या माणसाला सांगणार लानेलीवाला तुझा भाऊ. माझ्या ऑफिसातला लानेलीचा सहकारी परवा स्प्रेडशीट उघडून बसला होता, मला वाटलं काम करतोय, तर तो दोन्ही टीमची बसायची क्षमता आणि पार्किंग ताडून बघत होता.

मी परत म्हणतो, आकडे तीनच सांगतात. पण काकांचं वाचून त्याला पार्किंगबद्दल काही बोललो नाही.

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

बघा, तुम्ही पण हाताची घडी घालायला लागलात.

पोरीने विचारलं नाही तरी सांगतो पुढचं. पाँटी संपलं नाही. खालच्या, निमव्यावसायिक लीगमधे खेळत राहिलं आणि २०१२ ते २०१५ लागोपाठ चार वर्षं ती लीग जिंकलं. ब्रिजेंड आता ब्रिजेंड रेव्हन्स नावाने खेळतं, त्याच ब्रुअरी फील्डवर. आणि सॅम्युएलने वर्षभराने त्याच मैदानावर रग्बी लीगची टीम काढली (रग्बी लीग वेगळा खेळ, तेरा जणांचा, तो आत्ता नको). नाव काय ठेवलं असेल? सेल्टिक क्रुसेडर्स. सेल्टिक काही सुटलं नाही गड्याचं. ती पण पुढे उत्तर वेल्समधे रेक्सहॅमला नेली आणि २०११ ला संपली.

मफलरबद्दल विचार करत होतो. दुकानात मिळणारा नाहीये तो, अशी कुठलीच गोष्ट विकायला नव्हती. कोणीतरी घरी बसून केलाय, म्हणजे ज्याच्याकडे दोन्ही मफलर होते असं घर. बाप पाँटीचा आई ब्रिजेंडची, असं काहीतरी. अशी घरं किती असतील तेव्हा. टेक्निशियनला फोटो दाखवायचाय, जमल्यास टाक इथे.

---

धुक्यातली_गाडी

काका फोटो टाकते, आधी हे ऐका.

हे सगळं वाचून काल दुपारी सार्डिस रोडला गेले, माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटं, इतके महिने नुसती बाजूने जात होते. पाँटीची मॅच होती. मफलर घालूनच गेले, मुद्दाम. गेटवर तिकीट फाडणाऱ्या बाई होत्या, सत्तरीच्या असतील. तिकीट फाडायचं सोडून मफलरकडे बघत बसल्या. मग दोन बोटांनी ती मधली शिवण चाचपून बघितली, आपण भाजी बघतो तशी. म्हणाल्या, हे डबल टाक्याने केलंय, म्हणजे उसवू नये असं वाटत होतं करणाऱ्याला.

मला वाटलं आता काही छानसं बोलतील. तर त्यांनी माझ्या जॅकेटची चेन खाली केली, निळा अर्धा भाग नीट घडी करून आत कोंबला, चेन वर केली, काळा-पांढरा तेवढा बाहेर काढून सारखा केला आणि म्हणाल्या, ‘हं, आता जा आत.’

मॅचमधलं काही कळलं नाही पण शेजारच्या काकूंनी वेल्श केक दिले दोन. पाँटी जिंकलं की हरलं तेही मला लगेच कळलं नव्हतं, लोक दोन्हीला सारखंच ओरडतात.

परीक्षा झाली की ब्रिजेंडला येते, ब्रुअरी फील्ड बघायला. तेव्हा काळा भाग आत घालू ना?

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

घाल. माझ्या मित्राला मात्र तसा दाखवू नकोस, त्याच्यासमोर काढून हातात ठेव.

शनिवारी ये, बायको साबुदाणा वडे करते. आणि गाडी कार्डिफला बदलायची आहे हे लक्षात ठेव, अजून सरळ नाहीये.